तळ दिसला पाहिजे : हिरव्या पूलचे बारा दिवस

मागच्या भागात मी जाता जाता म्हणालो होतो की, सप्टेंबरमधले बारा दिवस मी घरामागच्या एका हिरव्या डबक्याशी भांडत होतो. त्यावर एवढे मेसेज आले की म्हटलं, आज तेच सांगू. ज्यांच्या घरी पूल नाही, म्हणजे तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनीच, लगेच पुढच्या भागावर उडी मारू नका. सुट्टीत लोणावळा, कर्जत, अलिबागला पूलवाला बंगला घेऊन राहता ना? मग हे तुमच्याही कामाचं आहे.

आमचं घर अलिबागजवळ नागावला. नारळी-पोफळीची वाडी, मागे विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे चार वर्षांपूर्वी बाबांनी बांधलेला पूल. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद. एका टोकाला कमरेइतकं पाणी, दुसऱ्या टोकाला एक मीटर साठ. वरच्या तीन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, आणि खरं सांगायचं तर लोक पूलसाठीच येतात. आईच्या हातच्या मोदकांसाठी येतात असं आईला वाटतं. तिला कुणी काही सांगू नका.

जूनमध्ये पाऊस लागला की आम्ही पूल बंद करतो. या वर्षी बाबांनी पंपही बंद करून टाकला, वीजबिल वाचावं म्हणून. मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे बघायला कुणी नाही. पितृपक्षातल्या एका शुक्रवारी रात्री घरी पोचलो, टॉर्च मारला, तर समोर पालकाची पातळ भाजी. हसू नका, अगदी तसंच. झावळ्या पडलेल्या, बेडूक ओरडतायत, कडेला डासांच्या अळ्या वळवळतायत. सकाळी जाळीने झावळ्या काढताना त्यातून एक दिवडही निघाला. बिनविषारी असतो, पण हे आठवेपर्यंत मी विहिरीपाशी पोचलो होतो.

आणि दसऱ्याचं बुकिंग होतं. २०२५ मध्ये दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी आले होते, २ ऑक्टोबरला, गुरुवारी. दोन कुटुंबं, चार मुलं, तीन दिवस. ॲडव्हान्स घेतलेला. हातात दिवस बारा.

बाबांचा उपाय तयार होता. सगळं पाणी उपसून टाकू, चार टँकर मागवू, विषय संपला. ऐकायला सोपं आहे. पण आमच्याकडे सप्टेंबरात विहिरीचं पाणी हात घातला तर लागेल इतकं वर असतं. म्हणजे पूलच्या बाहेर, जमिनीखाली सगळीकडे पाणीच. आतल्या पाण्याचं वजन आहे म्हणून ती टाकी जमिनीत बसून राहते. ते वजन काढलंत की बाहेरचं पाणी तिला खालून वर रेटतं. तळाला तडे जातात, कधी कधी अख्खा पूल वर उचलला जातो, रिकामी घागर पाण्यात ढकलली की उसळते ना, तसा. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपता संपता पूल पूर्ण रिकामा करायचा नाही, ही पहिली गोष्ट.

दुसरा उपाय शेजारच्या काकांचा. मोरचूद टाक. त्यांचंही अगदी चूक नाही, पोफळीवर बोर्डो मिश्रण मारणाऱ्या माणसाला मोरचूदच आठवणार. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार, आणि तांब्याने शेवाळ मरतं हे खरं. पण ते तांबं पाण्यातून जात नाही. भिंतींवर डाग पडतात, पिकलेल्या किंवा रंगवलेल्या केसांवर हिरवट झाक येते, आणि माणसांना आजारी पाडणारे जंतू मारायला शेवटी क्लोरीन लागतंच. मग सुरुवातच क्लोरीनने का करू नये?

तर आता मुळाशी जाऊ. पाणी हिरवं का होतं? क्लोरीन संपतं म्हणून. बस्स. शेवाळाचे सूक्ष्म कण वाऱ्याने, पावसाने येतच असतात. क्लोरीन असेपर्यंत ते आले की मरतात. ते संपलं, त्यात ऊन मिळालं, की दोन-तीन दिवसांत रंग पालटतो. हे भल्याभल्यांचं होतं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा पूल एका दिवसात हिरवागार झाला होता, तुमच्यापैकी काहींनी फोटो पाहिले असतील. नंतर आयोजकांनी सांगितलं की, चुकून ८० लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड त्या पाण्यांत गेलं होतं. पेरॉक्साइड क्लोरीनला निष्प्रभ करतं. शेजारचा पूलही हिरवा झाला, आणि तिथे पुढे कलात्मक जलतरणाच्या स्पर्धा होत्या. शेवटी त्यांनी ते सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून सरावाच्या पूलमधलं स्वच्छ पाणी भरलं. त्यांच्याकडे जवळच भरलेला दुसरा पूल होता. आमच्याकडे विहीर आणि बाबा.

शनिवारी मी आधी मोजमाप केलं. हे कंटाळवाणं वाटतं, पण इथेच बहुतेकांचं चुकतं. लोक डबा उघडतात आणि अंदाजाने ओततात. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली. आमचं आठ गुणिले चार गुणिले सव्वा, म्हणजे चाळीस घनमीटर, म्हणजे चाळीस हजार लिटर. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. कारण पुढचं सगळं गणित त्यावर. पीपीएम म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम. आमच्या पाण्यात क्लोरीन एक पीपीएमने वाढवायला चाळीस ग्रॅम क्लोरीन लागतं. दहा टक्क्यांचं द्रवरूप हायपोक्लोराइट असेल तर साधारण चारशे मिलिलिटर. दहा पीपीएमला चार लिटर. झालं गणित.

आता दुकानात काय मिळतं ते. आम्ही इतकी वर्षं पांढऱ्या गोळ्या वापरत होतो, त्यांना टीसीसीए म्हणतात. सोयीच्या असतात, तरंगत्या डब्यात टाकल्या की हळूहळू विरघळतात. पण त्यांच्यात क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझर असतं, सायन्युरिक आम्ल. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून थोडं हवंच. पण गोळ्यांतून दहा पीपीएम क्लोरीन गेलं की सहा पीपीएम स्टॅबिलायझरही जातं, आणि ते उडून जात नाही, साठत राहतं. खूप साठलं की ते क्लोरीनला धरून ठेवतं, काम करू देत नाही. मे महिन्यात आमचं असंच व्हायचं. किट सांगायचं क्लोरीन तीन आहे, आणि भिंती मात्र बुळबुळीत. मला वाटायचं किट खराब आहे. किट बरोबर होतं. यंदा कोकणातल्या पावसाने एवढा उपकार केला की पूल चार महिने वाहून वाहून ते स्टॅबिलायझर बरंचसं धुऊन निघालं होतं. म्हणून मी गोळ्या बाजूला ठेवल्या आणि द्रवरूप हायपो आणलं, ३५ लिटरचा कॅन.

इथे एक गोष्ट नीट ऐका, वेग कमी करून ऐका हवं तर. ग्रामपंचायत विहिरीत टाकायला जी पावडर देते तिला आपण टीसीएल म्हणतो. ती ब्लीचिंग पावडर. आणि पूलच्या गोळ्या टीसीसीए. नावं सारखी वाटतात, दोन्ही पांढरं, दोन्हीला वास क्लोरीनचा. दुकानदाराने मला सांगितलं, ‘दोन्ही एकच, मिसळून टाका, लवकर काम होईल.’ नाही! गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर कोरड्या किंवा ओलसर एकत्र आल्या तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. एका डब्यात नाही, एका बादलीत नाही, एकच मापाचा मग दोन्हीत नाही. आमच्या पंपघरात दोन्ही डबे एका फळीवर शेजारी शेजारी होते. दोन वर्षं. मी ते वेगळे केले तेव्हा बाबा म्हणाले, ‘काही झालं नाही ना आजवर?’

आणि मी स्वतः काय शहाणपणा केला ते ऐका. शेवाळ वाढलं की ते पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं आणि पाण्याचा पीएच चढतो. आमचा आठच्या वर होता. पीएच का महत्त्वाचा? क्लोरीनचा जो भाग खरोखर मारतो, तो पीएच साडेसातला साधारण निम्मा असतो, आणि साडेआठला जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे पैसे पूर्ण आणि काम दहा टक्के. म्हणून आधी पीएच ७.२ च्या आसपास आणायचा, आणि हे क्लोरीन टाकायच्या आधीच, कारण क्लोरीन खूप असताना पीएचची चाचणी नीट रंग दाखवत नाही. तर मी बाथरूम धुवायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, अर्धा अर्धा लिटर बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू ठेवून रविवारी सकाळी सोडलं. पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी नाही, हे शाळेतलं आठवलं. इथवर ठीक. संध्याकाळी हायपो मोजायला घेतलं, आणि मग तोच. तळाला चमचाभर ॲसिड राहिलं होतं. हायपो पडल्याबरोबर फस्स झालं आणि असा ठसका लागला की मग तिथेच टाकून मी वाडीत पळालो. तो क्लोरीन वायू होता. उघड्यावर होतो, थोडाच होता, म्हणून अर्धा तास खोकण्यावर निभावलं. बंद पंपघरात असतो तर आज हा भाग रेकॉर्ड करायला बसलो नसतो कदाचित. आता आमच्याकडे लाल मग ॲसिडचा आणि निळा हायपोचा. आईने वर तेलरंगाने लिहिलंय.

क्लोरीन संध्याकाळीच टाकायचं. दिवसा ऊन ते खातं. रविवारी सूर्य मावळल्यावर चार लिटर सोडलं, पंप रात्रभर. सोमवारी पहाटे मोजलं, शून्य. सगळं शेवाळाने गिळलं. इथे माणूस हरतो. वाटतं पैसे पाण्यात गेले, आणि ते अक्षरशः गेलेलेच असतात. पण एकदाच भरपूर टाकून सोडून देणं उपयोगाचं नाही, पातळी टिकवून धरणं उपयोगाचं. शेवाळ अर्धमेलं सोडलं की दोन दिवसांत परत उभं राहतं. म्हणून मी घरूनच काम घेतलं, आणि मीटिंगच्या मधे मधे पळत जाऊन मोजत होतो, कमी झालं की परत दहावर आणत होतो. एकदा कॅमेरा चालू होता आणि माझ्या हातात लांब दांड्याचा ब्रश होता. मॅनेजरने काही विचारलं नाही.

ब्रश रोज दोनदा. भिंती, पायऱ्यांचे कोपरे, शिडीच्या मागे. शेवाळ भिंतीला धरून असतं तोवर क्लोरीन वरचा थर मारतं, आतला जिवंत राहतो. आणि चाचणीचं एक सांगतो, कारण मी त्यात एक दिवस फसलो. गुलाबी रंग येणारं किट असेल आणि क्लोरीन खूप जास्त असेल, तर रंग क्षणभर येतो आणि उडून जातो. नळी पारदर्शक दिसते. मला वाटलं शून्य, आणि मी आणखी ओतणार होतो. अशा वेळी एक भाग पूलचं पाणी, चार भाग बाटलीबंद पाणी, आणि उत्तर गुणिले पाच.

वाळूच्या फिल्टरचंही. त्याच्यावर एक दाबमापक असतं, त्याकडे आमच्या घरात कुणी चार वर्षं पाहिलं नव्हतं. स्वच्छ असताना आमचं ०.६ बार. कचरा भरला की काटा चढतो. साधारण अर्धा बार वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळू धुवायची. त्या आठवड्यात दिवसातून दोनदा करावं लागलं. झडपेचा दांडा फिरवताना आधी पंप बंद करायचा, नाहीतर आतलं रबर जातं.

मंगळवारी रंग गडद हिरव्याचा पोपटी झाला. गुरुवारी सकाळी करडा-पांढरा. ताकासारखा. आई म्हणाली, ‘हिरवं बरं होतं रे, निदान रंग होता.’ पण हा रंग म्हणजे मेलेलं शेवाळ. जिंकलो की नाही हे डोळ्यांनी नाही, चाचणीने ठरवायचं. रात्री अंधार पडल्यावर क्लोरीन मोजायचं, पहाटे उजाडायच्या आत परत मोजायचं. ऊन नाही, माणसं नाहीत, मग रात्रीत क्लोरीन घटलं तर ते पाण्यातलं काहीतरी जिवंत खातंय. एक पीपीएमपेक्षा कमी घट झाली की समजायचं, मेलं. शुक्रवारी रात्री दहा होतं, शनिवारी पहाटे साडेनऊ. पहिला कॅन संपून दुसरा उघडला होता.

बाबा म्हणाले, ‘झालं तर मग. थोडं गढूळ आहे, पण क्लोरीन आहे ना? पाहुणे चालवून घेतील.’

इथे मला मागच्या दिवाळीचं सांगावं लागेल. मी हे अजून कुठे बोललो नाहीये.

मागच्या दिवाळीत पाणी असंच होतं. हिरवं नाही, दुधाळ. तीन फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. आम्हीच म्हणालो होतो, चालेल. एका कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा पायरीवर बसला होता, आणि त्याचे वडील हाताच्या अंतरावर पाण्यात उभे. मी कडेला चहाचा ट्रे घेऊन. मुलगा पायरीवरून घसरला. आवाज नाही, हात वर नाही, काही नाही. सिनेमात दाखवतात तसं बुडताना कुणी ओरडत नसतं. वडील पृष्ठभागाकडे बघत होते आणि पृष्ठभागावर काहीच नव्हतं. त्याची बहीण म्हणाली, ‘बाबा, हा कुठे गेला?’ त्यांनी वाकून हात फिरवले, मी कपड्यांसकट उतरलो. पायाला तो लागला. डोळ्यांना नाही, पायाला. आठ-दहा सेकंद असतील. खोकला, रडला, ठीक होता. तळ दिसत असता तर एका सेकंदात उचलला असता.

ते लोक दुसऱ्या दिवशी गेले. रिव्ह्यूमध्ये जेवणाची तारीफ केली होती. पाच तारे. मी तो रिव्ह्यू अजून उघडू शकत नाही.

मग मी वाचायला लागलो. जून २०११ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉल रिव्हर गावी एक बाई सार्वजनिक पूलमध्ये बुडाली. पाणी इतकं गढूळ की ती कुणाला दिसली नाही. दोन दिवस. त्या दोन दिवसांत पूल चालू होता, लोक पोहत होते. तिथे जीवरक्षक होते, मंडळी. आमच्याकडे तर मी आणि चहाचा ट्रे.

म्हणून बाबांना म्हटलं, नाही. तळ दिसला पाहिजे. एक दहा रुपयांचं नाणं खोल टोकाला टाकलं. कडेवर उभं राहून छापा की काटा हे सांगता आलं, तरच कुणी उतरणार. बाबा काही बोलले नाहीत. नाणं टाकल्याबरोबर अदृश्य झालं, एवढं त्यांनी पाहिलं.

आता ताक निवळायचं कसं? फिल्टर चालू ठेवला की होतं, पण आठवडा जाऊ शकतो. दिवस होते पाच. मग तुरटी. आपल्या आज्या पावसाळ्यात हंड्यात फिरवायच्या तीच. तुरटीने बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, खाली बसतात. चाळीस हजार लिटरला दोन किलो, गरम पाण्यात विरघळवून, चारी बाजूंनी. तुरटी पीएच खाली ओढते, म्हणून नंतर तपासायचा. पाणी दोन तास फिल्टर वगळून फिरवलं, मग पंप बंद, आणि रात्रभर कुणी हात लावायचा नाही. रविवारी रात्री हे केलं. सोमवारी सकाळी तळावर दोन बोटं जाड साय, आणि वर काच. मी एवढा खूश झालो की घाईने व्हॅक्यूमचं डोकं खाली घातलं आणि सरासरा ओढलं. अर्धी साय परत वर. पुन्हा ताक. स्वतःला काय काय म्हणालो ते पॉडकास्टवर चालत नाही.

मंगळवारी परत. या वेळी इतकं हळू की विहिरीवरच्या बगळ्यालाही कंटाळा आला. आणि हा गाळ फिल्टरमधून न्यायचा नाही, वाळू चोंदते. झडप वेस्टवर ठेवून थेट बाहेर. तोवर मी क्लोरीन उन्हात उतरू दिलं होतं, तरी ते पाणी पोफळींपासून लांब, रिकाम्या कोपऱ्यात सोडलं. ओढ्यात सोडू नका, मासे मरतात. एक फूट पाणी गेलं, ते विहिरीतून भरलं.

गुरुवारी सकाळी आपट्याची पानं दाराला लावली आणि दहा वाजता पाहुणे आले. मुलं बॅगा टाकून थेट मागे. पाणी सुंदर दिसत होतं, निळं, चमकणारं. फोटो काढला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. खोल टोकाला नाणं होतं, पण धूसर, पिवळट ठिपका. छापा की काटा कळत नव्हतं.

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं आता वाद होणार, पाहुण्यांसमोर. बाबाच पुढे गेले आणि म्हणाले, ‘पूल आज बंद आहे. उद्या सकाळी बघू. एका दिवसाचे पैसे परत देतो.’ त्यातले एक गृहस्थ वैतागले, साहजिक आहे, मुंबईहून मुलांना पूलचं आमिष दाखवून आणलेलं. म्हणाले, इतकं स्वच्छ तर आहे. बाबांनी त्यांना कडेवर नेलं, नाणं दाखवलं, विचारलं, ‘काय दिसतंय, छापा की काटा?’ त्यांनी डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. मग मुलांना म्हणाले, चला, समुद्रावर जाऊ.

रात्रभर फिल्टर चालला. शुक्रवारी पहाटे मी उठलो तेव्हा बाबा आधीच तिथे होते, लुंगी खोचून, हात पाठीमागे. क्लोरीन दोन, पीएच ७.४. नळ्या धुऊन उन्हात ठेवलेल्या. मला म्हणाले, ‘सिंह दिसतायत. तिघेही.’

किट मागवणार असाल तर थेंबांच्या बाटलीवरची एक्स्पायरी तारीख बघून घ्या, जुने थेंब खोटं सांगतात. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. आणि पुढच्या सुट्टीत बंगल्यावर पोचलात की खिशात एक नाणं ठेवा. पुढच्या गुरुवारी भेटू.